ओळख पटली तरच मुळाला गाठ

मृगाची पेरणी जवळ आली की बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "ताई, रायझोबियमचं पाकीट घेऊन खरंच फायदा होतो का?" या पाठात तेच समजून घेऊया.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू तो पिकाच्या उपयोगाचा करतात. बदल्यात पीक त्यांना साखर पुरवतं. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक या शास्त्रज्ञानं हे जिवाणू गाठीतून वेगळे काढून दाखवले.

ओळख कशी पटते?
मूळ मातीत एक द्रव्य सोडतं. ते कळलं की जिवाणू उलट निरोप धाडतो. त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं, तेही मुळाला पटावं लागतं. सगळं जुळलं की मुळाचा बारीक केस वळतो, जिवाणूला आत घेतो आणि गाठ धरते. नाही जुळलं तर दार बंद! आपण म्हशीला लसूणघास घालतो ना, त्याच्या जिवाणूचा निरोप म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे १९९० मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी शोधलं.

म्हणूनच हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदतीची तारीख वाचूनच पैसे द्या. आपल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुणे कृषी महाविद्यालयातही अशी जिवाणू खतं तयार होतात.

बीजप्रक्रिया
• १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट. एकरी ३० किलो बियाणं असेल तर ३ पाकिटं.
• बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी लावा. जिवाणू खत सगळ्यात शेवटी.
• गार केलेल्या गुळाच्या थोड्या पाण्यात खत कालवून हलक्या हातानं लावा. सोयाबीनचं साल पातळ असतं, चोळू नका.
• सावलीत सुकवून लगेच पेरा. हे जिवाणू जिवंत असतात, उन्हात मरतात.
• युरिया भरमसाट टाकला तर गाठी कमी धरतात.

फरक स्वतः बघा
दोन ओळी बिनप्रक्रियेच्या पेरून तिथं खूण करा. साधारण ४० दिवसांनी दोन्हीकडची रोपं मातीसकट अलगद खणा, उपटू नका. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर काम सुरू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्या पदार्थाचा. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नत्र मिळत नाही. दरवर्षी सोयाबीन होणाऱ्या रानात जिवाणू आधीच असू शकतात, तिथं फरक कमी दिसेल.

पुढच्या बैठकीत बोलूया
१. पाकिटं गटानं एकत्र घेतली तर पेरणीपर्यंत थंड जागी कुणाच्या घरी ठेवायची?
२. ४० दिवसांनी गाठी मोजायला कोण कोण येणार?