फवारणीची वही

द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि पीक एकदाच येते. एप्रिलची खरड छाटणी पुढच्या हंगामाची काडी घडवण्यासाठी, तर सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी त्या काडीतून घड बाहेर काढण्यासाठी. तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ, खानापूर, जत या तालुक्यांत आणि सातारा जिल्ह्याच्या खटाव-माण भागातल्या काही गावांत घरचे कार्य ठरवतानाही आधी छाटणीची तारीख पाहिली जाते. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात याच पट्ट्यातली. जात कोणतीही असो, फळछाटणीपासून काढणीपर्यंतच्या चार-साडेचार महिन्यांत बागेवर जितक्या फवारण्या होतात, त्यांचा आकडा ऐकून कापूस किंवा ज्वारी पिकवणारा शेतकरी चक्रावतो. डाऊनी, भुरी, करपा, फुलकिडे, मिलीबग या प्रत्येकाचे औषध वेगळे आणि वेळही वेगळी. शिवाय मण्याची फुगवण, लांबी आणि चकाकी यांसाठी संजीवके आणि टॉनिके असतात ती निराळीच.

चांगल्या सवयी मोडतात त्या इथे, आणि बहुतेक वेळा आळसापायी नव्हे तर भीतीपायी. बाग फुलोऱ्यात असताना दोन दिवस पाऊस लागला आणि सकाळी धुके उतरले की डाऊनी घडावर बसते, आणि वर्षभराचा खर्च आठवड्यात मातीमोल होतो. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या वेळी आणि 2019 मध्ये लांबलेल्या परतीच्या पावसात राज्यातल्या बागायतदारांनी हे पाहिले आहे. जतच्या किंवा कवठे महांकाळच्या पूर्व भागात टँकरने पाणी घालून बाग जगवलेली असते, सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज डोक्यावर असते. अशा माणसाला रात्री अकरा वाजता कोणी सांगितले की अमुक औषध आत्ताच मारा, तर तो मारतो. प्रमाण, मिश्रणाचा क्रम, मागच्या फवारणीला झालेले दिवस, सगळे मागे पडते. म्हणून शिस्तीची गरज शांत दिवसापेक्षा घाबरलेल्या दिवशी जास्त असते, आणि घाबरलेल्या दिवशी माणूस तेच करतो जे त्याच्या हाताला आधीपासून वळणी पडलेले असते.

हे वळण लावणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे फवारणीची वही. तारीख, प्लॉट, औषधाचे व्यापारी नाव आणि त्यातला मूळ घटक, बॅच क्रमांक, पाण्याचे प्रमाण, फवारणीचे कारण, फवारणाऱ्याचे नाव एवढे रकाने पुरतात. निर्यातीच्या बागांना वही सक्तीची आहे. बागेची नोंदणी कृषी विभागाकडे होते, प्लॉटला क्रमांक मिळतो, आणि 2006 पासून अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या व्यवस्थेत त्या क्रमांकावरून परदेशातल्या दुकानातली पेटी थेट गावच्या प्लॉटपर्यंत मागे नेता येते. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेतो, आणि अहवाल चांगला आला तरच कंटेनर भरतो.

ही व्यवस्था फटके खाऊन उभी राहिली. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि त्यानंतर अंश तपासणीचा कार्यक्रम आखला गेला. तपासणी सुरू झाली, निर्यात वाढली, सगळे सुरळीत चालले आहे असे वाटू लागले. मग 2010 चा हंगाम आला. युरोपातल्या प्रयोगशाळांनी द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड शोधले. बागायतदार त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून ते वर्षानुवर्षे वापरले जात होते, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतही नव्हते. इथल्या तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते, त्यामुळे इथला अहवाल चोख आणि तिथला नापास अशी गत झाली. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. एप्रिल-मेमध्ये मारलेले औषध वेलीच्या लाकडात मुरते आणि आठ-नऊ महिन्यांनी फळात उतरते, हे शिक्षण त्या हंगामात फार महाग पडले. माल बंदरांत अडकला, भाव पडले. ज्यांनी नोंदी काटेकोर ठेवल्या होत्या त्यांचेही नुकसान झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कोणत्या प्लॉटवर सीसीसी गेले आणि कोणत्यावर नाही, हे सांगता आले ते वही असलेल्यांनाच.

वही असूनही फसगत होते, तिचा एक नमुना प्रस्तुत लेखकाच्या घरच्या बागेतला आहे. काढणीच्या तोंडावर नमुना नापास झाला. अहवालात निघालेल्या कीटकनाशकाचे नाव वहीत नव्हते आणि शेडमधल्या एकाही बाटलीवर नव्हते. शोधता शोधता संशय एका टॉनिकवर आला. मण्याला चकाकी येते म्हणून सल्लागाराने सुचवलेले, ‘पूर्ण सेंद्रिय’ असे लिहिलेले. बाटलीवर घटकांची यादी नव्हती आणि खरेदीचे पक्के बिलही नव्हते. उरलेली अर्धी बाटली तपासणीला पाठवली, तेव्हा तेच कीटकनाशक तिच्यात निघाले. सौदा मोडला. बिल नसल्यामुळे दाद मागायलाही जागा राहिली नाही. वहीत टॉनिकाची नोंद होती, पण त्याच्या पोटात काय आहे याची नोंद करणे कोणाच्याच हाती नव्हते. तेव्हापासून त्या घरात घटक न छापलेली बाटली बागेत जात नाही, मग ती पाहुण्याने दिलेली असो की फुकटची असो. दुकानदाराने बिल देणे बंधनकारक आहे. ‘बिल घेतले तर जास्त पडेल’ हे वाक्य ऐकू आले की दुसरे दुकान गाठावे.

ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. एवढ्या सूक्ष्म पातळीवर कालच्या फवारणीनंतर न धुतलेली ब्लोअरची टाकीसुद्धा बाग नापास करू शकते, आणि शेजारच्या बागेतून वाऱ्यावर आलेला फवाराही. टाकी रिकामी झाली म्हणजे स्वच्छ झाली असे नसते. पाइप, गाळणी आणि नोझलमध्ये औषध राहते. साध्या पाण्याने तीन वेळा धुवून ते पाणी नोझलमधून बाहेर काढावे लागते, आणि ते विहिरीच्या, ओढ्याच्या कडेला सोडायचे नसते. बांधाला बांध लागलेल्या दोन शेजाऱ्यांनी फवारणीची वेळ एकमेकांना सांगितली तर निम्मे वाद मिटतात.

शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातले दिवस हा या शिस्तीचा गाभा. लेबलवर लिहिलेले दिवस देशातल्या मर्यादेला धरून असतात. युरोपला माल पाठवायचा असेल तर पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी पाहावी लागते. बागायतदार तिला ‘ॲनेक्श्चर फाइव्ह’ म्हणूनच ओळखतात. मण्यात पाणी उतरल्यावर मिलीबग दिसला की हात शिवशिवतात, पण तेव्हा दिवस मोजून थांबणे किंवा किडलेले घड कापून टाकणे हेच शहाणपणाचे. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत हे गणित आणखी अवघड आहे. 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाची तोडणी हंगामभर दर दोन-तीन दिवसांनी चालू असते. पाच दिवस थांबायला सांगणारे औषध मारले तर मधल्या तोडणीचे फळ टाकून द्यावे लागते. स्ट्रॉबेरीला सोलायला साल नाही, आणि पर्यटक ती रस्त्याकडेच्या स्टॉलवर उभ्या उभ्या खातो.

नापास झालेल्या द्राक्षाबद्दल एक समज या भागात पक्का आहे: निर्यातीला चालत नाही तर बेदाणा करू. ‘सांगली बेदाणा’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तासगाव-सांगलीचा बेदाणा देशभर जातो. पण साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडते, पण जे औषध वाळवताना मोडत नाही ते त्या एका किलोत गोळा होते. घरच्या लेकरांसाठी दोन वेली बिनऔषधाच्या राखणारे बागायतदार आहेत, औषध फळात उरते ही गोष्ट त्यांना उत्तम कळते असाच याचा अर्थ. गिऱ्हाइकाने द्राक्षे वाहत्या पाण्यात नीट धुवावीत, मात्र धुण्याने वरचेच अंश कमी होतात. पानातून रसात भिनणारी आंतरप्रवाही औषधे पाण्याने निघत नाहीत. त्यांच्यावरचा उपाय फक्त बागेत आहे.

चांगली पद्धत म्हणजे महागडे यंत्र असा गैरसमज होतो. बोर्डो मिश्रण करणारा जुना माणूस पाहावा. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बॅरलमध्ये वेगळा विरघळवतात, चुना वेगळा भिजवून गाळतात, मग दोन्ही एकत्र करतात. लोखंडी भांडे वापरत नाहीत. मिश्रण झाले की तो माणूस विळ्याचे पाते काही वेळ त्यात बुडवून बाहेर काढतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, कोवळी पाने जळतील. मग चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पुन्हा विळा बुडवायचा, पाते स्वच्छ निघेपर्यंत. या तपासणीला खर्च नाही, आणि घाई असली तरी तो माणूस ती टाळत नाही.

फळाच्या अंशांची चर्चा होते तितकी फवारणाऱ्या माणसाच्या अंगाची होत नाही, हा या सगळ्या व्यवस्थेतला मोठा दोष. कंटेनरचा नमुना तपासला जातो, ब्लोअरवाल्याचे रक्त कोणी तपासत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. उंच वाढलेले पीक, उकाडा, औषधांची भेसूर मिश्रणे आणि उघडे अंग अशी अनेक कारणे एकत्र आली होती. द्राक्षबागेत तर मांडव डोक्यावर असतो, त्यामुळे गनने वर मारलेला फवारा अंगावरच खाली येतो. विष नाकातोंडातून जाते तसेच, किंबहुना त्याहून जास्त, कातडीतून जाते. भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहिला तर ते आत शिरतच राहते. तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की संरक्षण देत नाही, उलट विष नाकाशी धरून ठेवतो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट, चष्मा आणि योग्य मास्क, वाऱ्याकडे पाठ, दुपारच्या उन्हात फवारणी बंद, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू-चुना मळायचा नाही. शेवटची अट पाळली जाणे सर्वांत कठीण, हे बागेत वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण प्रत्येक मजुराला ओळखता आला पाहिजे. लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. मालकाला लेबल वाचता येते आणि फवारणाऱ्याला येत नाही, अशी स्थिती असेल तर वाचून दाखवणे हे मालकाचे काम आहे.

बागेतली सवय घरात येते तशी बागेतला हलगर्जीपणाही येतो. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकले जातात. रिकाम्या कॅनमध्ये रॉकेल, कधी पिण्याचे पाणी भरले जाते. उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून फळीवर ठेवतात आणि पोर ती तोंडाला लावते. औषधाला कुलूपबंद पेटी हवी, ते मूळ डब्यातच राहिले पाहिजे. रिकामा डबा तीनदा धुवून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, डब्याला भोके पाडावीत म्हणजे तो पुन्हा वापरता येत नाही.

आणि विषबाधा झालीच तर: डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, लाळ, दरदरून घाम, उलटी, छातीत घरघर, स्नायू फडफडणे ही सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांची लक्षणे आहेत. कपडे काढून अंग साबणाने धुवावे. मीठपाणी पाजून उलटी करवू नये, दूध पाजू नये. 108 ला फोन लावावा आणि निघताना औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर घ्यावे. ॲट्रोपीन द्यायचे की दुसरे काही, हे डॉक्टरांना त्या लेबलवरून लवकर ठरवता येते.