छायाचित्रावरून जास्वंदीची ओळख

“मुलाने हे फूल खाल्ले आहे, काही होईल का?” अशी विचारणा करून पालक आज भ्रमणध्वनीवरून फुलाचे छायाचित्र पाठवतात. बालरोगतज्ज्ञाला मग क्षणभर वनस्पतिशास्त्रज्ञ व्हावे लागते. वडोदऱ्यात नावांवर विसंबणेही कठीण. आपली जास्वंद शेजारच्या घरी ‘जासूद’ असते आणि कण्हेर ‘करेण’. जास्वंदीच्या पाकळ्या पोटात गेल्याने सहसा अपाय होत नाही. कण्हेर आणि बिट्टी अर्थात पिवळी कण्हेर यांत मात्र हृदयाची लय बिघडवणारी ग्लायकोसाइड्स असतात. म्हणून ही ओळख निव्वळ छंदाची बाब नव्हे.

प्रथम कुल ठरवावे. जास्वंद ही कापूस, भेंडी व अंबाडी यांच्या मालव्हेसी कुलातील. या कुलाची खूण फुलाच्या मध्यभागी असते. असंख्य पुंकेसरांचे तंतू जुळून एक नळी होते आणि त्या नळीतून स्त्रीकेसराचा दांडा बाहेर येतो. एकमेकींवर चढलेल्या पाच पाकळ्या हा पुरावा पुरेसा नाही. त्या कण्हेरीतही दिसतात. परंतु कण्हेर व बिट्टी यांच्या फुलांत बाहेर डोकावणारा असा स्तंभ नसतो. पानेही साक्ष देतात. कण्हेरीची पाने लांब, अरुंद व बहुधा तीन-तीनच्या वलयात; बिट्टीची अरुंद पण एकाआड एक. जास्वंदीची पाने रुंद, दातेरी असून मुख्य शिरा देठापाशी एका बिंदूतून पसरतात.

कुल निश्चित झाल्यावर जातीकडे वळावे. हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस ही आपल्या गणपतीची जास्वंद. लिनिअसने १७५३ मध्ये तिला हे नाव दिले. तिचा स्तंभ टोकाशी पाच कुक्षींत विभागतो. लाल फूल मिरचीसारखे मिटलेले, खाली लोंबणारे आणि कुक्षी दहा असतील, तर ती मालव्हाव्हिस्कस, म्हणजे मिरची जास्वंद. पाकळ्या झालरीसारख्या कातरलेल्या व मागे वळलेल्या आणि स्तंभ लांब लोंबणारा असेल, तर पूर्व आफ्रिकेतील हिबिस्कस स्किझोपेटॅलस. पाने मोठी, लवदार, पंजासारखी आणि एकाच झुडपावर पांढरी, गुलाबी व लालसर फुले दिसली, तर हिबिस्कस म्युटॅबिलिस. तिचे फूल सकाळी पांढरे उमलून सायंकाळपर्यंत लाल होते. म्हणून छायाचित्राची वेळ विचारावी. हिबिस्कस सिरिॲकस नावाने सीरियाची असली तरी मूळची पूर्व आशियातील. तिची पाने लहान व त्रिखंडी असतात.

फुलाची मागील बाजू फारच बोलकी असते, पण ती क्वचितच टिपली जाते. जास्वंदीच्या हिरव्या पुष्पकोशाखाली बारीक पट्ट्यांचे दुसरे कडे असते. स्तंभ आहे पण हे कडे नाही, असे आढळल्यास कंदिलासारख्या फुलांच्या ॲब्युटिलॉनचा विचार करावा.

दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने स्तंभ दिसेनासा होतो. तेथे पाने व पुष्पकोश यांवरच भिस्त ठेवावी. रंगावर तर कधीच नव्हे. संकरित जास्वंदीत पिवळा, केशरी, पांढरा असे सर्व रंग येतात.

यासाठी पालकांकडून चार छायाचित्रे मागवावीत: फूल समोरून, फूल मागून, पानांसह फांदी आणि संपूर्ण झुडूप. शेजारी एखादे नाणे ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो. मुलाने खाल्लेला भाग त्याच झुडपाचा आहे ना, हेही विचारावे. खाली पडलेली बिट्टीची फळे छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहू शकतात, आणि त्यांतील बी अत्यंत विषारी असते.

ओळख पटली नाही, किंवा कण्हेरीची शंका आली, तर छायाचित्रांची वाट पाहत बसू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. झाडाची फांदी सोबत घेऊन मुलाला तत्काळ रुग्णालयात आणण्यास सांगावे. तेथे नाडी, हृदयालेख व रक्तातील पोटॅशियम तपासावे. मूल हसत-खेळत असले तरी हे टाळू नये, कारण लक्षणे काही तासांनीही उद्भवू शकतात.