संगणक तापतो कशाने?



गेम रंगात आला की संगणक फटकन बंद पडतो, हा अनुभव आपल्या वर्गात पुष्कळांना आहे. घरी लगेच म्हणतात, "पोरांनी गेम खेळून बिघडवला." आमच्याकडेही तेच झाले. त्याच संगणकावर ताई हिशेबाचे काम करते, त्यामुळे घरात काळजी होती. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला. पण आधी कारण शोधू, असे दादाचे मत पडले आणि मी त्याच्या हाताखाली राहिलो.

आपण ज्याला सीपीयू म्हणतो त्या डब्यात प्रोसेसर नावाची चिप असते. ती जेवढी वीज खाते तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. अर्ज टाईप करताना तिला काम थोडे. गेममध्ये मात्र दर सेकंदाला ३०-६० चित्रे नव्याने तयार करावी लागतात, म्हणून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तापतात. चिपवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवलेला असतो. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये राखाडी मलम लावतात, ती थर्मल पेस्ट. धातू गुळगुळीत दिसला तरी बारीक फटी राहतात, त्यात हवा अडकते, आणि हवा ही उष्णतेची मंद वाहक बरे का! म्हणून ते मलम.

बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. तेव्हा गेम अडखळतो. तरीही तापतच राहिले तर संगणक बंद होतो. म्हणजे ते बंद पडणे हे चिपने स्वतःला वाचवणे असते.

दादाने तापमान दाखवणारा फुकटचा प्रोग्राम घातला. नुसता चालू ठेवला तेव्हा ५२ अंश. दहा मिनिटे गेम खेळल्यावर ९७! मग डब्याची बाजूची पत्र्याची झाकणी काढून समोर टेबलफॅन लावला आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळलो. आकडा ८४ वर थांबला. मला ही युक्ती सगळ्यात आवडली, कारण तिला एक पैसा लागत नाही. झाकणी काढून फरक पडला म्हणजे आत हवा पोहोचत नव्हती. फरक पडला नसता तर पेस्ट वाळली किंवा ठोकळा सैल झाला असा संशय घ्यावा लागला असता.

आत पाहतो तो काय, पात्यांमध्ये धुळीची गोधडीच! आपल्या वाघोलीत दगडखाणी, खडीच्या गाड्या, त्यात नव्या इमारतींची बांधकामे. धुळीला काय तोटा? शिवाय डबा टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटून.

प्लग काढून, डबा गार होऊ देऊन तो अंगणात नेला. आधी पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. मऊ ब्रशने धूळ सैल केली आणि ब्लोअरने उडवली. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून खराब होते. वीजपुरवठ्याची चौकोनी पेटी मात्र उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते. आणि हे काम मोठ्या माणसाबरोबरच करायचे.

मोठ्या संगणकांनाही हीच अडचण असते. पुण्यातच पाषाणला आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याने थंड ठेवतात. (घरच्या संगणकावर कोणी पाणी ओतू नये!)

सफाईनंतर डबा कप्प्याबाहेर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवला. त्याच गेमला आता ७६ अंश. एप्रिलात ८२ पर्यंत गेला, कारण पंखा खोलीतलीच हवा आत ढकलतो, आणि ती हवाच तापलेली. मदरबोर्ड जुनाच आहे. ताईचे काम चालू आहे. मला गेम फक्त रविवारी, एक तास. डब्याच्या मागे दादाने सफाईची तारीख खडूने लिहून ठेवली आहे, पुढची दिवाळीच्या सुट्टीत.