संगणकातील सांडशी, किसणी आणि आपली मराठी



संगणक घरी आला की त्यासोबत विंडोज येते, पत्रे लिहिण्याचे एखादे सॉफ्टवेअर येते, आणि बहुतेकांची ओळख तिथेच थांबते. रोजच्या कामात मात्र आपला वेळ लिहिण्यात कमी आणि फाइल शोधण्यात, भाषा बदलण्यात, तेच वाक्य पुन्हा टाइप करण्यात जास्त जातो. अशी किरकोळ कामे हलकी करणाऱ्या लहान सॉफ्टवेअरना युटिलिटी म्हणतात. स्वयंपाकघरातल्या सांडशी-किसणीसारखी ती असतात. कुकर नसला तर सर्वांना दिसते. सांडशी नसली तर ज्याचा हात भाजतो त्यालाच कळते. आपल्या शाळेच्या कार्यालयात व संगणक कक्षात जी साधने रोज उपयोगी पडतात, त्यांपैकी काहींविषयी येथे लिहीत आहोत. सगळी मोफत आहेत.

पहिला मान मराठी लिहिण्याच्या साधनाला. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि मध्य प्रदेशात सरकारी कचेऱ्यांपासून छापखान्यांपर्यंत अनेक वर्षे कृतिदेव हाच फॉन्ट चालला. आपल्या शाळेतील जुन्या याद्या, वार्षिकांकाचे लेख, दाखल्यांचे मसुदे सगळे त्यातच आहेत. आता त्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडली असे समजून काही जण ती पुसून टाकतात. कृपया तसे करू नये. आत सर्व मजकूर शाबूत असतो.

हे असे का होते ते समजून घेऊ. कृतिदेवात ‘राम’ लिहिताना आपण जे, के आणि ई ह्या कळा दाबतो. संगणक ह्याच तीन इंग्रजी अक्षरांची नोंद ठेवतो. फॉन्ट केवळ त्यांच्या जागी र, काना आणि म अशी चित्रे दाखवतो. फॉन्ट नसला की चित्रे गेली आणि मूळ जे, के, ई उघडे पडले. फॉन्ट पुन्हा बसवल्यावर मजकूर वाचता येतो, पण अडचण संपत नाही. युनिकोडमध्ये ‘राम’ लिहून शोधले तर त्या फाइलीत राम सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तिथे राम नाहीच. नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली तर ‘अनिल’ शेवटाकडे जातो, कारण कृतिदेवातला अ व्ही ह्या कळेवर आहे! माजी विद्यार्थी परगावाहून येतो, जुना दाखला मागतो, आणि लिपिकांना एकेक फाइल उघडून डोळ्यांनी नाव शोधावे लागते. सगळी यादी संगणकात असून हे हाल.

युनिकोडमध्ये र, काना आणि म ह्यांना प्रत्येकी स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीला त्यात १९९१ पासून स्थान मिळाले. त्यामुळे युनिकोडमधली मराठी कोणत्याही संगणकावर, मोबाइलवर मराठीच राहते, शोधता येते, अनुक्रमे लावता येते. ती लिहिण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडावी. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजीतून मराठीत जाता येते.

मुलांना इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलक आवडतो. विंडोज १० मध्ये तो मे २०१९ च्या सुधारणेत आला. घाईच्या कामाला तो चांगला आहे. तरी सहावीपासून पुढच्या मुलांनी इन्स्क्रिप्ट शिकावे असा आमचा आग्रह आहे. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि भारतीय लिप्यांमध्ये अक्षरांच्या जागा समान ठेवल्या आहेत. इंदूरला ज्याने मराठीचा क ज्या कळेवर शिकला, त्याला बडोद्याला गुजरातीचा आणि बेळगावला कन्नडचा क तिथेच सापडेल. आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या घरांना ह्याहून सोयीचे काय? शिवाय आणखी एक गोष्ट. हिंदीच्या सवयीने आपल्याकडची मुले ‘बाळ’ लिहिताना ‘बाल’ लिहितात. इन्स्क्रिप्टमध्ये ल आणि ळ एकाच कळेवर आहेत. शिफ्ट दाबून एन दाबला की ळ. बोटाला ते वळण लागले की डोळाही ळ विसरत नाही.

ज्यांचा हात रेमिंग्टनवर बसला आहे अशा वडीलधाऱ्यांनी काळजी करू नये. त्याच पद्धतीने युनिकोड टाइप करू देणारी साधनेही मिळतात.

जुन्या फाइलींसाठी कृतिदेवातून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक असतात. मजकूर एका चौकटीत टाकायचा, दुसऱ्या चौकटीतून घ्यायचा. पण तपासणी अवश्य करावी. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर नोंदली जाते. रफाराचाही क्रम बदलतो. जोडाक्षरांजवळ परिवर्तक कधी कधी अडखळतो. मजकुरात मधेच इंग्रजी शब्द असेल तर त्यालाही तो कृतिदेव समजून त्याचे विचित्र देवनागरी करतो. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवावी आणि प्रतीवर काम करावे. नावे व जन्मतारखा मूळ रजिस्टराशी ताडून पाहाव्यात.

आता शोधण्याचे साधन. एव्हरीथिंग नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर आहे. विंडोज आपल्या डिस्कवरील फाइलींची जी सूची ठेवते तीच ते वाचते, त्यामुळे नावाची दोन-तीन अक्षरे लिहिताच फाइल समोर येते. ते मराठी नावेही शोधते. मात्र ते फाइलीचे नाव पाहते, हे ध्यानात ठेवून नाव नीट द्यावे. ‘नवीन १’, ‘नवीन २’, ‘फायनल’, ‘खरे फायनल’ अशी नावे देणाऱ्याला कोणतेही सॉफ्टवेअर वाचवू शकणार नाही.

विंडोजमध्येच दडलेले आणखी एक साधन म्हणजे क्लिपबोर्डची यादी. २०१८ च्या अखेरीस आलेल्या सुधारणेपासून विंडोजची कळ आणि व्ही दाबले की कॉपी केलेल्या मागील पंचवीस गोष्टींपर्यंत यादी दिसते. हवे ते वाक्य तिथे पिन करून ठेवता येते. आपल्या कार्यालयात दाखल्याची ठरलेली वाक्ये अशीच ठेवली आहेत. पण कॉपी केलेला पासवर्डही त्याच यादीत बसतो. म्हणून अनेकांनी वापरायच्या संगणकावर ही सोय बंद असावी.

फाइली एकत्र बांधण्यासाठी सेव्हन-झिप उत्तम. पासवर्ड घालून बंदही करता येते. स्नेहसंमेलनाचे फोटो मात्र झिप करून फारसे लहान होत नाहीत, कारण जेपीइजी फोटो मुळातच दाबलेला असतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधले फोटो लहान करण्याचे साधन घ्यावे. फोटो निवडायचे, उजवी कळ दाबायची, आकार सांगायचा.

‘तुमचा संगणक मंद झाला आहे, लगेच साफ करा’ असे ओरडणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. २०१७ मध्ये सीक्लीनर ह्या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ५.३३ ह्या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक भाग घुसवला होता. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच वाटली जात होती आणि सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत गेली. नामवंतांचे हे, तर अनोळखींचे काय सांगावे! जागा मोकळी करण्याची सोय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज ह्या भागात आहे, ती घरासाठी पुरते. आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात घ्यावे की त्याचे नेहमीचे मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले.

ज्या पालकांकडे कृतिदेवातील जुना मजकूर आहे, वंशावळ, आजोबांचे लेख, मंडळाच्या सभांची इतिवृत्ते, त्यांनी तो पेन ड्राइव्हवर घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. पेन ड्राइव्हची व्हायरस तपासणी आधी होईल. दहावीची मुले परिवर्तन करून देतील. शुद्धलेखन तपासायला मात्र पालकांनी स्वतः शेजारी बसायचे आहे.