पेनड्राइव्ह लावलेलाच राहिला तर

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर हिंगणी आहे. तिथल्या एका संगणकखोलीत शहरातल्या कार्यालयांनी काढून टाकलेले जुने संगणक आले होते. त्यांवर लिनक्स बसवायला एका पुरवठादाराने पेनड्राइव्ह पाठवला. लावा, संगणक चालू करा, एंटरसुद्धा दाबायला नको, असं त्याचं कौतुक सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. संध्याकाळपर्यंत खोलीतले सगळे संगणक तयार झाले. मग त्यातलं माहितीपत्रक वाचायला कुणीतरी तो तिथल्या मॅडमच्या टेबलावरच्या संगणकाला लावला आणि तो तसाच राहिला. रात्री लाईन गेली, पहाटे आली. सकाळी मला फोन आला: "भाऊ, मॅडमचा पीसी रातच्यातच नवा होऊन रायला." गुणपत्रकं, शिष्यवृत्तीच्या याद्या, संमेलनांचे फोटो असलेली डिस्क पुसून त्यावर नवीकोरी प्रणाली बसली होती.

यात काहीही बिघडलं नव्हतं. वीज परत आली की आपोआप चालू व्हायचं, ही सेटिंग त्या संगणकाच्या बायोसमध्ये होती. आधी यूएसबीवरून सुरू व्हायचं, हा क्रमही तिथेच ठरलेला होता. पेनड्राइव्हवरचा मेन्यू काही सेकंद थांबला, कुणी काही दाबलं नाही म्हणून पहिला पर्याय चालू झाला, आणि तो पर्याय होता विनाप्रश्न इन्स्टॉलेशनचा. त्यावरचं लिनक्स डेबियन होतं, आणि डेबियनच्या इन्स्टॉलरला सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून देता येतात. तिला प्रीसीड म्हणतात. त्या फाइलमध्ये 'डिस्कवर बदल लिहू का?' या प्रश्नालाही 'हो' लिहून ठेवलं होतं. जिथे वीज रोज येते-जाते, तिथे अशी इमेज, म्हणजे पेनड्राइव्हवर लिहायची तयार प्रणाली, पाठवणं धोक्याचं आहे, आणि तिच्या तपासणीत लाईन जाण्याचा विचारच झालेला नव्हता.

फोटोरेक नावाच्या मुक्त साधनाने काही फोटो आणि कागद परत मिळाले. ते साधन फाइलच्या आतली खूण ओळखून तुकडे शोधतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. कुठल्या वर्षीचं गुणपत्रक कोणतं, हे मॅडमना एकेक फाइल उघडून ठरवावं लागलं. नवी प्रणाली जिथे लिहिली गेली, तिथलं जुनं कायमचं गेलं.

म्हणून इमेज बांधणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं. मेन्यूतला पहिला पर्याय 'लाइव्ह', म्हणजे डिस्कला हात न लावता चालणारा ठेवा. इन्स्टॉल खाली, आणि तो माणसाने निवडल्याशिवाय सुरू होता कामा नये. प्रीसीडमध्ये भाषा, वेळ, कीबोर्ड, पॅकेजांची यादी हे सगळं खुशाल भरा, त्याने खरंच वेळ वाचतो. डिस्क कोणती आणि पुसायची का, हे दोन प्रश्न मात्र रिकामे सोडा. डिस्कचं नाव पक्कं लिहून ठेवण्यातही फसगत आहे. एका यंत्रावर 'एसडीए' म्हणजे आतली डिस्क असते, दुसऱ्यावर तेच नाव पेनड्राइव्हला मिळतं, आणि एनव्हीएमई डिस्क असेल तर नावाची पद्धतच वेगळी. शेकडो संगणकांवर एकदम बसवायचं असेल आणि विनाप्रश्न इमेज लागणारच असेल, तर ती वेगळ्या रंगाच्या पेनड्राइव्हवर ठेवा, वर 'डिस्क पुसते' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि काम झालं की खोलीबाहेर न्या.

नंतर मी ती इमेज उघडून पाहिली, तेव्हा दुसरी गोष्ट सापडली. एक संगणक हाताने सजवून, त्याचीच जशीच्या तशी प्रत काढून ती तयार केलेली होती. खोलीतले संगणक एकमेकांचं नेटवर्क तोडत होते, त्याचं कारण इथे होतं. प्रत्येक लिनक्स संगणकाला एक मशीन-आयडी असतो आणि तो पहिल्यांदा सुरू होताना तयार व्हायला हवा. इथे तो प्रतीबरोबर सगळीकडे गेला. नेटवर्कचं काम सिस्टिमडीकडे होतं. राउटरकडे पत्ता मागताना ते याच आयडीवरून आपली ओळख बनवतं, म्हणून राउटरला हे सगळे एकच संगणक वाटले आणि त्याने सगळ्यांना एकच पत्ता दिला. याहून गंभीर म्हणजे दुरून लॉगिन करण्यासाठीच्या एसएसएच सेवेच्या गुप्त किल्ल्याही सर्वत्र सारख्या होत्या. एका संगणकाची किल्ली ज्याला मिळाली, त्याला बाकीच्यांचं सोंग घेता येतं. मूळ यंत्रावरचा वायफायचा पासवर्ड साध्या मजकुरात होता आणि ब्राउझरमध्ये कुणाचं तरी खातं उघडंच होतं. विसरलेली प्रत्येक गोष्ट इमेजबरोबर घरोघर जाते.

यावरचा उपाय म्हणजे इमेज हाताने न सजवता ती लिखित कृतीवरून बांधणं. डेबियनच्या लाइव्ह-बिल्डमध्ये पॅकेजांच्या याद्या, घालायच्या फाइली आणि हुक नावाच्या छोट्या स्क्रिप्ट अशा सगळ्या गोष्टी साध्या मजकुरात असतात. तो मजकूर वाचून साधन दरवेळी कोऱ्यापासून प्रणाली उभी करतं, ती स्क्वॉशएफएसमध्ये दाबून भरतं आणि आयएसओ बनवतं. मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या काढून टाकणारे हुक त्यात आधीच आहेत, ते बंद करू नका. किल्ल्या काढल्यावर बसवलेल्या संगणकावर त्या नव्याने बनतात की नाही, हेही पाहा. नाहीतर एसएसएच सुरूच होत नाही. कृती गिटमध्ये ठेवली तर पुढच्या वर्षी दुसरा माणूसही तीच इमेज पुन्हा बांधू शकतो. माझ्या मते गावाकडच्या कामात याचंच मोल सर्वांत जास्त आहे, कारण इमेज बांधणारा माणूस बहुधा दोन वर्षांत नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो.

पण आधी स्वतःला विचारा, वेगळी इमेज हवी कशाला? पुष्कळ जण केवळ वायफाय चालावं म्हणून ती बांधायचे. वायफाय चिपला लागणारं, मुक्त नसलेलं फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये नसे. 2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने हे बदललं आणि 10 जून 2023 ला आलेल्या डेबियन 12 पासून ते अधिकृत इमेजमध्येच येतं. मराठीसाठीही वेगळा खटाटोप लागत नाही. इन्स्टॉलर मराठीत आहे, फक्त चित्रमय पद्धत निवडावी लागते. मजकुराच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. लोहित देवनागरी टंक आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डही भांडारात आहेत. सी-डॅकची बॉस ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे आणि तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. केरळात काईट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते, कारण तिथे सगळ्या शाळांना एकच अभ्याससाहित्य पोचवायचं असतं. हिंगणीत वेगळ्या इमेजचं कारण एकच होतं: इंटरनेटचा भरवसा नाही. नेटइन्स्टची छोटी इमेज बाकीची पॅकेजं जालावरून ओढते आणि अर्ध्यात अडकते. तिथे सगळं पेनड्राइव्हवरच हवं.

यंत्रं जुनी असतील तर प्रोसेसर आधी तपासा. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही; अशा यंत्रांना डेबियन 12 वर थांबावं लागेल. एकच पेनड्राइव्ह जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवर चालायला हवा असेल, तर दोन्ही बूटलोडर घाला. सिक्युअर बूट चालू असलेल्या लॅपटॉपसाठी डेबियनचेच स्वाक्षरी असलेले शिम, ग्रब आणि कर्नल वापरा. स्वतः बांधलेला कर्नल तिथे अडतो आणि लोक मग सिक्युअर बूटच बंद करून टाकतात.

मूळ फाइली कुठून येतात तेही बघा. 20 फेब्रुवारी 2016 ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून कुणीतरी डाउनलोडची लिंक बदलली आणि लोकांनी चोरवाट असलेली आयएसओ उतरवली. ज्या पानावर आयएसओ असते, त्याच पानावरची एसएचए-256 ची बेरीज घुसखोर बदलू शकतो. म्हणून बेरीज जुळवून थांबू नका, तिच्यावरची जीपीजी स्वाक्षरीही तपासा. आपली इमेज वाटताना आपणही स्वाक्षरी द्यावी.

पेनड्राइव्ह आठवडी बाजारातून घेतलेला असेल तर आधी एफ-थ्री या साधनाने त्याची खरी जागा मोजा. वर 64 जीबी छापलेलं असतं, आत त्याहून बरीच कमी निघते, आणि इन्स्टॉलेशन मध्येच मरतं. लिहून झाल्याचं पडद्यावर दिसलं तरी काही भाग अजून मेमरीत असतो. सिंक झाल्याशिवाय ओढून काढू नका, आणि परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहा. विंडोजमध्ये नंतर तो पेनड्राइव्ह लहान किंवा बिघडलेला दिसला तर घाबरू नका. त्याची मांडणीच बदललेली असते, सगळी पार्टिशनं काढून नवं बनवून फॉरमॅट केलं की तो पूर्ववत होतो.

आणि वाटण्याआधी ही चाचणी कराच. क्यूईएमयूमध्ये एक आभासी संगणक तयार करा, त्याच्या डिस्कमध्ये थोड्या फाइली ठेवा, डिस्कच्या फाइलची एसएचए-256 काढून लिहून घ्या. इमेज जोडून तो संगणक सुरू करा आणि कीबोर्डला हात न लावता उठून जा. चहा घेऊन या. तो बंद करा, पुन्हा चालू करा, म्हणजे लाईन गेली आणि आली असं होऊ द्या. मग परत बेरीज काढा. ती बदललेली असेल तर डिस्कवर कोण लिहितंय ते शोधा, आणि तोवर ती इमेज कुणाच्याही हाती देऊ नका.