रविवारची बुट्टी

कोल्हापूरकराला दुधाचा रतीब समजावून सांगावा लागत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घेणारी माणसं आपण. भाजीचाही असाच रतीब लावता येतो. आम्ही तीन घरांनी मिळून करवीर तालुक्यातल्या एका मळ्यावर तो लावलाय. पैसे एक तारखेला आगाऊ द्यायचे आणि रानात जे निघेल ते रविवारी बुट्टी भरून घ्यायचं. जपानी गृहिणींनी १९७० च्या दशकात शेतकऱ्यांशी असेच करार केले होते. त्याला तिकडे ‘तेइकेई’ म्हणतात.

सुरुवात पैशांच्या बोलण्यानं करू नका. आधी मळा चालून या. आपल्याकडे भाजी बहुतेक उसाच्या आधारानं येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची लावण झाली की सरीच्या बगलेला मेथी, कोथिंबीर, कोबी, फ्लॉवर, कांदा टोकतात. उसाची मोठी बांधणी होण्याआधी हे सगळं निघावं लागतं, म्हणून थंडीत बुट्टी ओसंडते. पुढे ऊस अंगावर आला की आंतरपीक संपलं. ‘उन्हाळ्यात कुठल्या तुकड्यात काय लावणार?’ हा प्रश्न तिथं बांधावर उभं राहूनच विचारा. चार माणसांच्या घराला आठवड्याला सात-आठ किलो पुरे. त्यात पालेभाजीच्या चार पेंड्या धरा. आम्ही पहिल्या वर्षी हावरटपणानं बारा किलो सांगितली आणि शेजारपाजारी वाटत बसलो.

बोलीत एक गोष्ट स्पष्ट हवी. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ ला नदीकाठची रानं पाण्याखाली गेलेली आपण पाहिली आहेत. बुट्टी आली नाही त्या आठवड्याचे पैसे परत मागायचे नाहीत, असं आमचं ठरलंय. हे जमत नसेल तर लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार आहेच, तिथं रोख द्या आणि निवडून घ्या. त्यात कमीपणा काही नाही, पण त्याला वाटा म्हणू नये.

बुट्टी घरी आली की पहिला तास तिचा. सगळी भाजी वर्तमानपत्रावर पसरायची आणि काहीही धुवायचं नाही. मी एकदा मेथी धुऊन ठेवली होती, मंगळवारी तिचा चिखल झाला. मुळ्याचा आणि बिटाचा पाला लगेच कापून वेगळा करा, नाहीतर तो खालच्या कंदातलं पाणी ओढून त्याला मऊ पाडतो. तो पाला मात्र टाकू नका. पालेभाजी निवडून, पिवळी पानं काढून, जुन्या सुती फडक्यात सैल गुंडाळा. टोमॅटो, वांगी, कांदे बाहेर हवेशीर जागी. अख्खा लाल भोपळा कोपऱ्यात महिनाभर बसतो, कापला की मग फ्रीज.

खाण्याचा क्रम भाजीच ठरवते. रविवार-सोमवार पालेभाजी. मग भेंडी, गवार, दोडका. बुधवारनंतर वांगी, कारली, फ्लॉवर. शुक्रवार-शनिवारला कोबी, मुळा, भोपळा. शनिवारी रात्री बुट्टीत काही उरलंच नाही तर वरण्याची उसळ किंवा पिठलं. मुलांना विचारून बेत ठरवायची सवय असेल तर ती सोडावी लागते. आमच्याकडे पहिले दोन महिने त्यावरून तोंडं वाकडी झाली.

एकाच आठवड्यात शेपू, चाकवत, आंबट चुका, पालक असं सगळं आलं की गरगट करा. चार पेंड्यांची मिळून एक भाजी होते, इतकी ती आळते. पाऊण वाटी तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे अर्धा तास भिजवा. मिसळीची पालेभाजी आता धुऊन, चिरून त्यांच्याबरोबर कुकरला लावा. शेंगदाणे बाजूला काढून बाकीचं रवीनं घोटा, त्यात दोन चमचे बेसन पाण्यात कालवून घाला. चुका नसेल तर थोडी चिंच. मीठ घालून पाच-सात मिनिटं रटरटू द्या, तळाला लागू नये म्हणून हलवत राहा, शेंगदाणे परत टाका. वरून तेलात आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरच्या चांगल्या लाल होईपर्यंत फोडणी. मिक्सर लावू नका, त्याचं गरगट होत नाही, पीठ होतं.

जानेवारीत हरभऱ्याची भाजी येते. ती तर मुळीच धुवायची नाही, पानांवरची आंब जाते. कोवळे शेंडे खुडून सावलीत खडखडीत वाळवा, चुरून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जूनमध्ये बुट्टी निम्म्यावर येते तेव्हा ही भाजी तांदळाच्या कण्या घालून शिजते. गवार आणि कारल्याच्या काचऱ्याही उन्हाळ्यात अशाच वाळवून ठेवायच्या. पावसाळ्यातल्या बुट्टीला हा डबा जोड लागतोच.

आणि पंचांग जवळ ठेवा, मी गंमत करत नाही. गौरी येतात त्या दिवशी शेपूची भाजी-भाकरी, कारण शेपू तेव्हा रानात असतो. भोगीला घेवडा, पावटा, सोलाणे, गाजर, वांगं, तिळाचं कूट आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, कारण ती थंडीतली अख्खी बुट्टीच आहे. ऋषिपंचमीची भाजी तर बैलाच्या कष्टाशिवाय जे येतं त्याचीच. कुठल्या आठवड्यात काय उतू जाणार हे आपल्या आज्ज्यांनी नैवेद्यातच लिहून ठेवलंय.

रतीब लावायचाच असेल तर दिवाळीनंतर लावा. पावसाळ्यात सुरू केलेला गणपतीपर्यंतही टिकत नाही, आमच्या तीन घरांत चौथं होतं, ते असंच गेलं.