आभाळ फाटलं तर?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३८

पावसाळ्याच्या तोंडावर हडपसरमध्ये कुणी "आभाळ आलंय" म्हणालं की आपण छत्री शोधतो. आकाश तर रोजच असतं, मग आलं ते काय? ढग! 'आभाळ' हा शब्द संस्कृत 'अभ्र'वरून आला आणि अभ्र म्हणजे ढग. हा झाला सरळ अर्थ. पण चहूबाजूंनी संकटं आली की घरातली मोठी माणसं म्हणतात, "आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावायचं?" तिथे पावसाचा काही संबंध नसतो.

गीतेत अर्जुन नेमकं हेच फाटलेलं आभाळ दाखवतो. त्याचा शब्द आहे 'छिन्नाभ्र'. श्रद्धा आहे, पण मन चळलं आणि साधना अर्धवट सुटली. असा माणूस दोन्हीकडून तुटून, फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना, असं तो विचारतो.

हा प्रश्न आपलाच आहे. हरिपाठ सुरू केला, नाईट शिफ्ट लागली, आठवड्यात खंड पडला. मग वाटतं, ना धड प्रपंच, ना धड परमार्थ.

श्लोक ४० मध्ये भगवंत त्याला मायेने 'तात' म्हणतात आणि सांगतात की चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही, ना इथे, ना परलोकात. ४३ आणि ४४ मध्ये तर ते म्हणतात की आधीचा अभ्यास पुढच्या जन्मीही सोबत येतो आणि माणसाला पुन्हा ओढून घेतो. मन कधी चळणारच नाही, असं मात्र ते इथे म्हणत नाहीत.

मला इथे ढगाचंच उत्तर सापडतं. ढग विरला तरी पाणी नाहीसं होत नाही. ते वाफ होऊन हवेतच राहतं आणि पुन्हा कुठेतरी आभाळ धरतं.

आषाढी वारीत हडपसरहून माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडला वळते, तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. कितीतरी तरुण सासवडपर्यंत चालतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला हजर होतात. पंढरपूर गाठलं नाही म्हणून ती पावलं वाया गेली का? नाही.

आजचा अभ्यास : सुटलेला एक नेम आठवा. राहिलेले दिवस मोजू नका. आज फक्त पाच मिनिटं बसा.

जय हरी!